भाऊजींनी आणलेलं कॅबिनेट

मला राग आला की आधी कान तापतात. त्या गुरुवारी भाऊजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, भलंमोठं खोकं घेऊन आमच्या पिपरी मेघेच्या घरी आले, तेव्हा जे कान तापले ते आजही धड निवलेले नाहीत.

खोक्यावर कॉम्प्युटरचे भाग बसवायच्या काचेच्या कॅबिनेटचं चित्र होतं. समोर काच, बाजूला काच, आत लाल-निळे-हिरवे लुकलुकणारे पंखे. लग्नाच्या मांडवात ठेवावं असं. अन् मी चिठ्ठीवर लिहून काय दिलं होतं? समोरून नुसती जाळी असलेलं, काळं, रूपानं यथातथा कॅबिनेट. त्याला कारण होतं. आमच्याकडे मे महिन्यात नळालासुद्धा कढत पाणी येतं. घरामागे जिनिंग आहे, तिथली कापसाची तूस वर्षभर उडत असते. म्हणून हवा खेळायला जाळी हवी अन् जाळीमागे काढून धुता येईल असं फिल्टर हवं. कंपनी, मॉडेल, सगळं ठळक अक्षरात लिहिलं होतं.

चिठ्ठीवर दुसरी वस्तू होती एसएमपीएस. भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या आतल्या एकेका भागाला ज्याच्या त्याच्या मापानं वाढणारा डबा. पंगतीत वाढपीच कच्चा निघाला तर बाकीचा थाट काय कामाचा? या डब्याखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.

कारण माझं कामच तसं. न बांधलेल्या इमारती मी पडद्यावर बांधते. खिडकीतून ऊन कुठं पडेल, जिना कसा दिसेल, याची फिल्म करते. एक फिल्म करायला मशीन आठ-दहा तास पूर्ण ताकदीनं धावतं. नागपूरच्या एका ऑफिसनं मला चाचणीचं काम दिलं होतं. पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारी फिल्म द्यायची. पसंत पडली तर वर्षभराचं काम, तेही घरी बसून. नाही पडली तर पुण्याची जुनी नोकरी, तीच तिघींची खोली अन् तोच खेकसणारा साहेब. मला पुण्याला जायचं नव्हतं. हे मी घरात प्रत्येकाला दहादा सांगितलं होतं.

या कामासाठी मी नवं मशीन जोडणार होते, त्याचे बाकीचे भाग कुरियरनं आले होते. कॅबिनेटही मागवलं होतं, ते चेपलेलं आलं म्हणून परत पाठवलं. मग मी नागपूरला स्वतः जायला निघाले तर बाबा म्हणाले, "उन्हात काऊन जातं? जवाईबुवा पुलगाववरून दर गुरुवारी नागपूरले जातेत. त्यायले चिठ्ठी दे." दिली. तिथंच माती खाल्ली.

"तुह्या चिठ्ठीतलं पाह्यलं मी," भाऊजी घाम पुसत म्हणाले, "पण ते लयच साधं होतं. माह्या दोस्ताचं दुकान हाये, त्यानं हे दिलं. अन् एसएमपीएस यासंगं फुकट! हजार वॅटचा!"

मी तो फुकटचा डबा हातात घेतला. चांगला एसएमपीएस उचलला की मनगटाला कळतं. हा रिकाम्या डालड्याच्या डब्यासारखा हलका. हजार वॅट म्हणे! स्टिकरवर छापायला काय जातं?

"बरोबर आणलं न?" भाऊजींनी विचारलं. "नसन तं आठ दिवसात बदलून देतो म्हणे तो."

हे वाक्य त्यांनी उच्चारलं. स्पष्ट उच्चारलं. आई त्यांच्या मागे उभी राहून माझ्याकडे डोळे वटारत होती.

अन् मी, फाटक्या तोंडाची म्हणून गल्लीत नाव काढलेली मी, म्हणाले, "छान आहे भाऊजी."

आमच्या घरात जावयानं आणलेली वस्तू परत जात नाही. त्यांनी आणलेली चादर आखूड असली तर पाय पोटाशी घेऊन झोपायचं. ते गेल्यावर मी बोंब मारली की मी दुसरा एसएमपीएस आणते, तर आई म्हणाली, "अन् पुढच्या खेपेले त्यायनं उघडून पाह्यलं तं? तुह्या ताईले काय वाटन?" बाबांनी पेपर तोंडापुढे धरला. आठ दिवस मी भांडी आपटली, दारं आपटली, जेवणावर राग काढला. फक्त भाऊजींना एक फोन केला नाही. नववा दिवस उजाडला अन् तो विषय संपला.

मशीन मीच जोडलं. पंखे झकास लुकलुकले. शेजारच्या काकू बघायला आल्या अन् "काय सुंदर हाये बाप्पा!" म्हणून गेल्या. काचेला हात लावला तर चटका बसत होता. मी बाजूची काच काढली, समोर टेबलफॅन लावला अन् काम करत राहिले.

सोमवारी फिल्म द्यायची अन् रविवारी दुपारी, पाऊण फिल्म तयार झालेली असताना, फट् असा आवाज झाला. जळक्या वायरीचा वास घरभर पसरला. फुकटच्या डब्यानं जाता जाता मदरबोर्ड अन् ग्राफिक्स कार्डही नेलं. मी सोमवारी ऑफिसला फोन केला. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "हरकत नाही, आम्ही दुसऱ्यांना दिलं." हरकत नाही! कुणाला हरकत नाही?

गुरुवारी भाऊजी आले. आईनं नेहमीप्रमाणे त्यांच्या आवडीचा पाटोडीचा रस्सा केला होता. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "मग, मशीन कसं चालून राह्यलं?"

"जळलं," मी म्हणाले. "तुमच्या फुकटच्या डब्यानं जळलं. माझं काम गेलं. मी चिठ्ठी लिहून दिली होती न? दोन रेघा ओढल्या होत्या न? तुम्हाला कुणी सांगितलं होतं अक्कल चालवायला?"

आईचा डाव हातातच राहिला. बाबा ठसकले.

भाऊजींचा घास थांबला. "तुले त्याच दिवशी समजलतं?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगतलं? मी इचारलतं तुले. त्याच पावली परत गेलो असतो."

"जावयाला कोण सांगतं?"

भाऊजींनी रश्शाची वाटी बोटानं बाजूला सारली. "आई, राग नका धरू. मले पाटोडी आवडत नाई. पह्यल्या दिवशी तुमचं मन राखाले छान म्हटलं. अकरा वर्षं झाले, खाऊन राह्यलो."

कुणी हसेल असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. मला तर जास्तच संताप आला. त्यांचं फार तर पोट बिघडलं असेल, माझं काम गेलं होतं. अन् आठ दिवस माझ्या हातात होते, हे त्या माणसानं सगळ्यांसमोर माझ्या पदरात घातलं होतं. चूक त्यांची होती, आईची होती, बाबांच्या त्या पेपरचीही होती. पण फोन माझ्याजवळ होता.

पंधरा दिवसांनी मी पुण्याला निघाले. आई पिशवीत आवळ्याच्या मुरब्ब्याची बरणी कोंबत होती. दर खेपेला कोंबते. दर खेपेला मी ती खोलीतल्या मुलींना वाटून टाकते.

"तुले आवडते न, म्हून मुद्दाम केला," ती म्हणाली.

"नाही आवडत," मी म्हणाले. "कधीच नाही आवडला."

आईनं बरणी बाहेर काढली. ती पदरानं पुसत माझ्याकडे बघत राहिली.

"मंग काय आवडते तुले?"

एवढ्या वर्षांत हे तिनं मला पहिल्यांदाच विचारलं. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता अन् माझी गाडी चुकायची वेळ आली होती.