कुणाचा फोन यायचाय का?

आमच्या घरी इंटरनेट आलं तेव्हा बाबांनी त्याच्यासाठी हॉलचा एक कोपरा रिकामा केला. शोकेस सरकली, शिलाई मशीन बाल्कनीत गेलं आणि आई काहीच बोलली नाही, म्हणजे तिला पुष्कळ बोलायचं होतं. कॉम्प्युटरला फुलाफुलांचं कव्हर आलं. कीबोर्डला वेगळं, माऊसला त्याहून वेगळं. घरात माणसांना एवढे कपडे नव्हते. त्या कोपऱ्यात चपला घालून जायचं नाही, ओल्या हाताने जायचं नाही, आणि दसऱ्याला मॉनिटरला हार घालताना पाकळी आत पडता कामा नये. आत म्हणजे कुठे, ते बाबांनाही माहीत नव्हतं.

बाबा नुकतेच निवृत्त झाले होते आणि मी कॉलेजात होते. त्यामुळे इंटरनेट माझ्या अभ्यासासाठी घेतलंय असं सगळ्यांना सांगितलं जायचं. प्रत्यक्षात मला खुर्ची मिळायची ती बाबा जेवायला उठले की. मोडेम आधी नंबर फिरवायचा, मग किंचाळायचा, मग घसा खाकरायचा आणि बहुतेक वेळा गप्प व्हायचा. तेवढा वेळ बाबा उभेच असायचे. लागलंच इंटरनेट, तर ते ठाण्याचं तापमान बघायचे. खिडकी हाताच्या अंतरावर होती. अमेरिकेतल्या भाच्याला मेल पाठवला की लगेच डोंबिवलीच्या आत्याला फोन करून सांगायचे, पोराला विचार, मेल पोचला का. मग आत्या अमेरिकेला फोन करायची. जग जवळ आलंय, असं बाबा त्या दिवसांत वारंवार म्हणायचे.

अडचण एकच होती. इंटरनेट चालू असलं की फोन एंगेज. आणि आमचा फोन एकट्या आमचा नव्हताच. नौपाड्यातल्या आमच्या तीन मजली इमारतीत बऱ्याच घरांनी आपल्या नातेवाइकांना आमचाच नंबर देऊन ठेवलेला होता, पुढे शेजाऱ्यांचा फोन म्हणून पी. पी. लिहून. फोन आला की मी जिन्यात जाऊन हाक मारायची, मग ज्याचा असेल तो हात पुसत यायचा आणि आमच्या सोफ्यावर बसून त्याच्या घरची भांडणं आमच्यासमोर मिटवायचा. समोरच्या काकूंना तर स्वतःचा फोन सहज घेता आला असता. पण समोर फोन असताना आणखी एक कशाला, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

त्यामुळे बाबांनी एक रिवाजच पाडला. इंटरनेट लावण्याआधी ते बनियनवर शर्ट चढवून जिन्यात जायचे आणि वर-खाली बघून मोठ्याने विचारायचे, "कुणाचा फोन यायचाय का?" वरून कुणीतरी ओरडायचं, "काका, अर्धा तास थांबा, मामाचा येणारे." मग आम्ही मामाची वाट बघायचो. मामा बोलून झाला की बाबा पुन्हा जिन्यात. एवढ्या लोकांची परवानगी घेऊन जगाशी संपर्क साधणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आईच्या मते इंटरनेटपेक्षा पोस्टकार्ड लवकर पोचलं असतं.

समोरच्या काकूंना एक मुलगी होती. मी तिला ताईच म्हणायचे. ती शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झालेली, पुण्याला जाऊन पुढे शिकायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं, आणि त्यासाठी तिने प्रवेशपरीक्षाही दिलेली. काकूंच्या डोक्यात कल्याणचं एक स्थळ होतं. मुलाची नोकरी पक्की, स्वतःचा फ्लॅट, माणसं चांगली. त्यांची अट एवढीच, लग्न याच मोसमात, शिक्षणाचं नंतर बघू. या 'नंतर बघू'चा अर्थ आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होता, कारण त्या सगळ्यांचंच नंतर बघायचं राहून गेलेलं होतं. ताई काकूंना दोनदा नाही म्हणाली. काकूंनी दोन्ही वेळा तिला पोहे चांगले झालेत असं सांगितलं.

बघण्याचा कार्यक्रम झाला. रविवारी सकाळी फोन करून कळवतो, असं मुलाकडचे सांगून गेले. फोन अर्थात आमच्याकडे. काकू आठवडाभर येता-जाता बाबांना बजावत होत्या, "भाऊजी, रविवारी सकाळी तुमचं ते चालू करू नका हं." बाबा प्रत्येक वेळी मान डोलवायचे. शनिवारी तर त्या आमच्या फोनवरची धूळ स्वतःच्या पदराने पुसून गेल्या.

रविवार उजाडला. होकार येणारच म्हणून काकू श्रीखंड आणायला बाहेर पडल्या. त्यांची पाठ वळली आणि ताई आमच्या दारात उभी राहिली. हातात प्रवेशपरीक्षेचं हॉल तिकीट. म्हणाली, "काका, निकाल इंटरनेटवर लागलाय म्हणे. बघायचा?"

बाबांनी फोनकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग शर्ट चढवला, नेहमीसारखे जिन्यात गेले आणि मोठ्याने विचारलं, "कुणाचा फोन यायचाय का?"

वरून कुणी ओ दिली नाही. खालून दिली नाही. ज्यांचा यायचा होता त्यांची मुलगी बाबांच्या शेजारीच उभी होती.

"नाही काका," ती म्हणाली. "कुणाचाच नाही."

"बरं," बाबा म्हणाले, आणि आत येऊन त्यांनी कव्हर काढलं.

बाबांना आठवत नसेल असं समजायला मी काही तान्ही नव्हते. मी आईकडे पाहिलं. आई भाजी निवडत होती आणि तिला त्या भाजीत फारच रस होता.

मोडेम नेहमीसारखा किंचाळला. लाइन दोनदा तुटली, बाबांनी दोनदा जोडली. निकालाचं पान वरून एकेक ओळ करत खाली येत होतं आणि ताई खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. तिचा नंबर सापडला तेव्हा तिने तो हॉल तिकिटाशी दोनदा ताडून पाहिला. कुठल्याही शहाण्या माणसाने आता फोन मोकळा केला असता. बाबा म्हणाले, आलोच आहोत तर प्रवेशाची माहिती बघून घेऊ. मग वसतिगृहाची बघितली. मग काही उरलं नाही तेव्हा पुण्याचं तापमान बघितलं आणि तिला म्हणाले, "थंडी असते हो तिकडे. स्वेटर ने."

काकू श्रीखंडाचा डबा घेऊन परत आल्या त्या थेट आमच्याकडेच. स्क्रीन बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा म्हणाले, "अरेच्चा, वहिनी, लक्षातच राहिलं नाही बघा." आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकात बाबांना कुणी कधी झाडाचंही काम दिलं नव्हतं, ते का, हे मला त्या क्षणी समजलं. पण काकूंचा विश्वास बसला. इंटरनेटने माणसाचं डोकं कामातून जातं, असं त्यांचं आधीपासूनच मत होतं.

मुलाकडच्यांनी सकाळभर फोन लावला होता. मुलीकडच्यांनी मुद्दाम रिसिव्हर काढून ठेवला, असा त्यांनी अर्थ काढला, आणि संध्याकाळी मध्यस्थाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. श्रीखंडाची वाटी आमच्याकडे आली नाही. काकूंनी बाबांशी बोलणं टाकलं. फोन घ्यायला मात्र नियमाने यायच्या आणि बाबांकडे पाठ करून बोलायच्या. जिन्यात, बाजारात, हळदीकुंकवात बाबांची नाचक्की झाली. ताई पुण्याला गेली.

आता आम्ही बाळकुमला असतो, वरच्या मजल्यावर. घरात जितकी माणसं त्याहून जास्त फोन आहेत आणि कुणी कुणाला विचारून इंटरनेट लावत नाही. बाबा थकलेत. रेंज क्षणभर गेली तरी त्यांचा संताप होतो, ज्या माणसाने एका ढगाचं चित्र पूर्ण दिसायला अख्खा चहा थंड केला होता, त्याचा. काकूही थकल्यात, बोलणं कधीच सुरू झालंय, आणि अधूनमधून रिक्षा करून नौपाड्याहून येतात. ताई पुण्याच्या कॉलेजात शिकवते, याचा त्यांना कोण अभिमान. तो सांगून झाला की चहाबरोबर ठरलेलं वाक्य येतं, "पण भाऊजी, तुमच्या इंटरनेटपायी कल्याणचं स्थळ गेलं हो." आणि बाबा म्हणतात, "चुकलंच माझं, वहिनी."

मला राग येतो. इतकी वर्षं फुकटचं ऐकून घ्यायचं. एकदा काकू गेल्यावर मी विचारलंच, खरं सांगून का नाही टाकत? बाबा म्हणाले, "त्यांना चिडायला कुणीतरी लागणारच ना. पोरीपेक्षा मी बरा."

परवा काकू बसलेल्या असताना ताईचा व्हिडिओ कॉल आला. चहा झालेला, ठरलेलं वाक्यही झालेलं. काकूंनी फोन बाबांपुढे धरला. ताईचे केस पांढरे झालेत. म्हणाली, "काका, वेळ आहे ना? की घाईत आहात?"

बाबांनी काकूंकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे.

"बोल निवांत," ते म्हणाले. "आज कुणाचा फोन यायचा नाहीये."

ताईने एकदम मान खाली घातली. काकू मला विचारत होत्या, नेट गेलं का गं, ती बोलत का नाही.