गुण्याला हाक

सुताराची ती मुलगी बोलायला लागली ती 'वाकडं' या शब्दाने. आई, बाबा हे नंतर. भिंतीवरची तसबीर वाकडी, आईचा भांग वाकडा, आलेल्या पाहुण्याचं नाकसुद्धा वाकडं. पाहुणा दाराबाहेर पडेपर्यंत तरी दम धरावा, तर तेही नाही. आई कपाळावर हात मारून घ्यायची आणि बाप हसायचा. त्याच्या हातात तेव्हा बहुधा गुण्या असायचा. लाकडी मूठ आणि लोखंडी पट्टी काटकोनात जोडलेलं ते साधं हत्यार. फळीला लावलं की कोपरा खरा की खोटा ते सांगतं. "आता दुकानातून गुण्या आणायला नको," तो म्हणाला, "घरातच जन्माला आलाय." ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. "गुण्या, ये गं," अशी हाक आली की ती असेल तिथून ओ द्यायची. शाळेच्या हजेरीत नाव वेगळं होतं, पण त्या नावाला ती जरा उशिराच वळायची.

पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि ती लांबच्या शहरात शिकायला गेली. तिथलं सगळं शिकवणं दुसऱ्या भाषेत. पहिलं वर्ष तिने मुक्यासारखं काढलं. वर्गात विनोद झाला की इतरांची तोंडं बघून हसायची, आणि तिचं हसू सगळ्यांचं संपल्यावर यायचं. खानावळीत हवं ते मागता येत नाही म्हणून समोर येईल ते खायची. एकदा घराविषयी निबंध लिहायचा होता. भुशाला त्या भाषेत काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं. तिने लिहिलं, 'करवतीपुढे हरलेलं लाकूड.' ते मोठ्याने वाचल्यावर वर्ग हसला. शिकवणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं.

"तो शब्द शिकायची घाई करू नकोस," त्या म्हणाल्या. "तो सगळ्यांकडे आहे."

तिच्या लिहिण्याचा उगम हा असा, नसलेल्या शब्दापाशी. शब्द अडला की त्याला वळसा घालायचा आणि वळशात जे दिसेल ते लिहायचं. वळसे घालता घालता वाट मळली. ती भाषा आधी हाताशी आली, मग तोंडाशी, आणि एका पहाटे स्वप्नात बाप तिच्याशी त्याच भाषेत बोलला. अस्खलित बोलला. जाग आल्यावर तिला वाटलं, हे काही खरं नाही. पण तासाला निघायची वेळ झाली होती.

पहिलं पुस्तक निघालं तेव्हा ते घेऊन ती घरी गेली. बापाला ती लिपी येत नव्हती. त्याने हात पुसले, पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, मग खुंटीवरचा गुण्या काढून चारी कोपऱ्यांना लावला.

"कापणी चोख आहे," तो म्हणाला. "मी आहे का यात?"

"पहिल्याच गोष्टीत."

"मग त्यात तुला हाक कशी मारतो?"

तिने त्या हत्याराला त्या भाषेत जे म्हणतात ते सांगितलं. त्याने दोनदा म्हणून पाहिलं. जीभ वळेना.

"म्हणजे पोरगी माझी, हाक माझी, आणि मलाच ती मारता येत नाही," तो म्हणाला. "बरं आहे. पुस्तकातला बाप शिकलेला निघाला."

"एक तरी निघू दे," आई आतून म्हणाली.

तिघंही हसली. हसू ओसरल्यावर त्याने गुण्या पुन्हा खुंटीला लावला. त्यानंतर तो तिला लेखिकाबाई म्हणायला लागला, आधी चेष्टेने आणि पुढे सवयीने. जुनी हाक कधी बंद पडली ते तिच्या ध्यानातही आलं नाही. तिच्या गोष्टींमधला बाप तर तिला हाक मारतच होता.

मग एका हिवाळ्यात बापाला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. ती पोचली तेव्हा त्याला दवाखान्यातून घरी आणलं होतं, खिडकीजवळच्या खाटेवर.

"कधीपासून दाराकडे बघतायत," आई म्हणाली. "बस जवळ. मी औषधं घेऊन येते."

ती बसली. बापाने डावा हात उचलला, अंगठा आणि पहिलं बोट ताणून काटकोन केला आणि तिच्यासमोर धरला.

हे आपल्याला जमेल असं तिला वाटलं. शब्दावाचून कसं भागवायचं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"खिडकी लावू?"

मान हलली, नाही.

"उशी उंच करू? खुर्ची हवी? कोपऱ्यात काही ठेवलंय का?"

नाही. पण त्याने कोन सोडला नाही. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते हत्यार. शब्दही लगेच आला, त्या भाषेतला, आणि तोच तिच्या तोंडून निघाला. घर चुकून आत आलेल्या माणसाकडे बघावं तसं बापाने तिच्याकडे पाहिलं.

ती उठून पडवीतल्या कामाच्या जागी गेली, खुंटीवरून ते काढून आणलं आणि त्याच्या छातीवर ठेवलं. त्याने त्यावर डावा हात ठेवला आणि ते तिच्याकडे सरकवलं. तिने पुन्हा त्याच्या हातात दिलं. त्याने पुन्हा ढकललं, या वेळी लोखंडी पट्टी तिच्या छातीला टेकेपर्यंत.

"नको?" ती म्हणाली. "बरं, ठेवते बाजूला."

तिने ते स्टुलावर ठेवलं. बापाची बोटं मिटली. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं आणि डोळे मिटून घेतले.

जरा वेळाने आई औषधं घेऊन आली. पिशवी ठेवायला स्टुलाकडे वळली आणि थबकली.

"हा गुण्या इथं कुणी आणला?"

किती वर्षांनी तो शब्द तिच्या कानावर पडला. ती खाटेवर वाकली. "बाबा. कळलं मला. बाबा, बघा ना इकडे." श्वास चालू होता, रुंद फळीवरून रंधा फिरावा तसा, लांब आणि खरखरीत. झोपेतच दुसरा झटका येऊन गेला, असं संध्याकाळी डॉक्टर म्हणाले. त्या झोपेतून तो उठला नाही.

सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर, मायलेकी खाटेवरची धुतलेली चादर दोन्हीकडून धरून घडी घालत होत्या.

"शेवटी तुझ्याशी काही बोलले का गं?" आईने विचारलं.

वळसा घालायला जागा पुष्कळ होती. तिने आपलं टोक आईच्या हातात दिलं.

"हाक मारली," ती म्हणाली.

"मग?"

"मी ओ दिली नाही."