करंज्यांच्या डब्यातला नीलपंख
करंज्या तळल्याचा वास आला की मला तो स्टीलचा डबा आठवतो. माझं लग्न ठरवायला बाबा आणि मी जीपने अमरावतीहून अकोल्याला मुलाकडे निघालो होतो, आणि आईने तो डबा करंज्यांनी भरून दिला होता. बाबा आयुष्यभर पक्ष्यांची चित्रं काढत आले. मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला गाडीच्या धडकेने मेलेला नीलपंख दिसला, तशी त्यांनी जीप थांबवली. पिसं चुरगळू नयेत म्हणून करंज्या वर्तमानपत्रात बांधल्या आणि डब्यात रुमाल अंथरून पक्षी ठेवला. जीपमध्ये उन्हाने खराब होईल म्हणून डबा त्यांनी मुलाच्या घरी बैठकीतही आणला. मुलाच्या आईने तो कौतुकाने हातात घेऊन उघडला. "अवं माय, हे काय आनलं?" बाबांना वाटलं, त्या खरंच विचारून राहिल्या. त्यांनी हलक्या हाताने पंख उलगडला. "बसला असला की मातीसारखा दिसते. उडाला की हा असा निळा. हा रंग मले अजून जमलाच नाई." मी खाली मानेने म्हटलं, "बाबा, झाका ना ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि झाकण लावलं. परतताना त्यांनी डबा एकदाही उघडला नाही. लग्न त्याच घरात झालं. आता बाबा नाहीत, त्यांची सगळी चित्रं त्याच बैठकीत लावली आहेत. पाहुणे विचारतात, एवढ्या पक्ष्यांत नीलपंख कसा नाही? मी म्हणते, त्यांना कधी दिसलाच नसेल.