हिरव्या बाटलीतली चव

"परत ने, पोरी. ही बी न्हवं," असं म्हणत आबांनी ग्लास माझ्याकडे सरकवला. तीन महिन्यांतली ही माझी तिसरी फसलेली बिअर.

मी साताऱ्याजवळ हायवेवरच्या एका मायक्रोब्रुअरीत ब्रुअर आहे. म्हणजे ज्या हॉटेलात बिअर तिथेच बनते आणि तिथेच विकली जाते, तिथली ती बनवणारी. माझं गाव कडेगाव. घरचे अजून पाहुण्यांना 'फूड कंपनीत आहे' असं सांगतात.

हल्ली गिऱ्हाइकाला फळांची, गोडसर बिअर लागते. आंबा, स्ट्रॉबेरी, कोकम. कडू कुणी मागत नाही. आबा मात्र मेढ्याहून एसटीने कडूच शोधत यायचे. ते फौजेतले रिटायर हवालदार. डोंगरातल्या एका पोस्टिंगला ते आणि त्यांचा गाववाला दत्तू जी बिअर प्यायचे, तीच त्यांना हवी होती. दत्तू गेल्या वर्षी वारला. तेव्हापासून हा शोध.

मी हॉप्स वाढवले. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं. मग माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, बदलून पाहिले. जमलं नाही.

मालक म्हणाले, "मॅडम, एका माणसासाठी टाकी किती दिवस अडवणार? सोमवारी त्यात आंबा भरा."

"एक रविवार द्या, सर."

"शेवटचा."

त्या रविवारी मी आबांपुढे ग्लास ठेवलाच नाही. आधी विचारलं, "आबा, बाटली कसली होती?"

"हिरवी. खेचरावरनं यायची. दिसभर उन्हात तापायची. मग आमी वढ्यात बुडवून गार करायचो."

मला हसू आलं आणि लगेच माझीच लाज वाटली. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. ऊन लागलं की हॉप्स बिघडतात, बिअरला उग्र, कुबट वास येतो. हिरव्या काचेतून ऊन आत शिरतं, म्हणूनच बाटल्या तपकिरी करतात. हा दोष कसा टाळायचा हे आम्हाला सगळ्यात आधी शिकवतात. आबा नेमका तोच शोधत होते.

मी आमची कडू बिअर साध्या पारदर्शक बाटलीत भरली आणि गच्चीवर उन्हात ठेवली. अर्ध्या तासाने झाकण काढून हुंगलं, तोच कुबट वास. ट्रेनिंगमध्ये मला यावर नापास केलं असतं. बर्फात गार करून खाली आणली.

आबांनी ग्लास नाकाजवळ नेला आणि तसाच धरून बसले.

"हीच गं," ते म्हणाले. घोट घेतला. तोंड वाकडं झालं. "लय घाण लागतीया की!"

"तेव्हा नव्हती लागत?"

"दत्त्या पयला घोट घ्यायचा, आन् असलं तोंड करायचा, की आमी हसून हसून..." त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "चवीकडं ध्यान कुणाचं हुतं, पोरी."

तरी त्यांनी ती संपवली. सावकाश, प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. परत कधी आले नाहीत.

सोमवारी टाकीत आंबा भरला. चांगला खपला.

आता कुणी जुनी चव मागितली, की टाकीला हात लावण्याआधी मी एवढंच विचारते, तेव्हा सोबत कोण होतं? उत्तरात नाव आलं, की मी रेसिपी बदलत नाही.