डाव्या गालाची ट्रायल

चेहऱ्याला लावायची क्रीम विकण्याच्या साखळीत शिरावं की नाही, असं आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टर दोनमधल्या बायका मला अजून विचारतात. मी सरळ सांगते, शिरू नका. ज्या धंद्यात माल घेणारे कमी आणि माल विकायला लावणारे जास्त, तो कसला धंदा? चार दिवसांत भावजय, शेजारीण, भाजीच्या ठेल्यावर भेटणारी बाई, सगळी गिऱ्हाइकंच दिसायला लागतात. एवढं बोलून मी गप्प बसते, कारण पुढचं सांगायला घेतलं की माझंच मत मला ठाम ठेवता येत नाही.

हे, म्हणजे माझे यजमान, रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये चार्जमन होते. लालभडक लोखंड रोलरवरून धावत येतं, त्याच्या शेजारी उभं राहण्यात त्यांचा जन्म गेला. हाताखालची माणसं त्यांच्या शब्दाबाहेर नसत. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचा चार्ज घेतला. डाळींचे डबे उंचीप्रमाणे लागले. कुकरची शिट्टी होताना समोर उभं राहायचं नाही, असा हुकूम निघाला. फोडणी टाकण्याआधी मी मोठ्याने 'टाकते' म्हणावं, अशीही त्यांची अपेक्षा होती. मी कडकडून भांडले, तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसले आणि मग तिथून उठेचनात. दाढी नाही, शर्ट नाही, बनियनवर दिवसच्या दिवस. भांडत होते ते बरं होतं. हे गप्प बसणं मला भारी जात होतं.

अशात दुर्गहून ह्यांचा भाचा आला. हथखोजच्या एका कारखान्यातली सुपरवायझरी सोडून तो भर उन्हात टाय लावून हिंडत होता. त्याने टेबलावर डब्या मांडल्या आणि सुरू झाला, "मामा, क्रीम विकायचीच नाही. टीम बनवायची. तुमच्या खाली माणसं, त्यायच्या खाली आणखी माणसं."

क्रीमबद्दल तो बोलत होता तोवर हे भिंतीवरच्या पालीकडे बघत होते. 'तुमच्या खाली माणसं' म्हटल्यावर मान वळली.

"पण ट्रायल झाल्याबिगर मी कोणालेच देणार नाही," हे म्हणाले.

मिलची पद्धतच तशी. नवीन काही बसवलं की शेजारी जुनं चालू ठेवायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. तेव्हा क्रीमही अर्ध्याच चेहऱ्याला लागणार हे ओघानंच आलं. कपाळाच्या मध्यापासून हनुवटीपर्यंत हद्द ठरली. नाक कुठल्या बाजूला धरायचं यात एक अख्खी सकाळ गेली आणि शेवटी नाकाला ट्रायलमधून वगळण्यात आलं. बाजू निवडली डावी, कारण तो गाल उजव्यापेक्षा चांगलाच काळा होता. "जिथं बिघाड तिथंच दुरुस्ती ना, अवो," हे मला समजावून सांगत. क्रीम उशीला पुसली जाऊ नये म्हणून कूससुद्धा ठरलेली. मी मनसोक्त हसून घेतलं.

आणि दिवाळीपर्यंत डावा गाल खरंच उजळला! मी चष्मा लावून बघितलं, अंगणात उजेडात नेऊन बघितलं. दोन्ही गाल जवळजवळ एका रंगाचे झाले होते. भाच्याने मोबाइलवर फोटो काढले आणि कुठे कुठे पाठवले. मला हसायची सोय राहिली नाही.

ट्रायल पास झाल्यावर ह्यांनी आपल्या जुन्या गँगला बोलावलं. पाच-सहा जण, सगळे त्याच लाइनवर ह्यांच्या बाजूला उभे राहिलेले आणि थोड्याफार अंतराने रिटायर झालेले. ह्यांच्या शब्दावर सगळ्यांनी डब्या घेतल्या. रोज सकाळी पाळीच्या वेळेला ते आमच्या अंगणात रांगेत उभे राहत. मिलमध्ये पाळी सुरू होण्याआधी सुरक्षेच्या सूचना देतात, तशा हे क्रीमच्या देऊ लागले. "हात धुतले? झाकण घट्ट हाये? डोळ्यात जाऊ द्यायची नाही. गिऱ्हाईक तापलं तं एक पाऊल मागं यायचं, वाद घालायचा नाही." मग स्कूटर सुरू करून सगळे निघत आणि बहुतेक पहिल्याच चहाच्या टपरीवर थांबत. विक्री जवळपास नव्हतीच. पण हे पहाटे उठून दाढी करत होते, इस्त्रीचा शर्ट घालत होते, दुपारी भुकेजून घरी येत होते आणि वरण आळणी आहे म्हणून माझ्याशी कचाकचा भांडत होते. मला आणखी काय हवं होतं?

त्यात गँगचेही डावे गाल उजळू लागले. भाचा आनंदाने नाचायचाच बाकी होता. त्याच्या वरच्या, चकचकीत कोटवाल्या साहेबाने दुर्गात एक हॉल घेतला आणि सगळ्या गँगला स्टेजवर बोलावलं. मीही नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले.

"अब चाचाजी अपना अनुभव बताएंगे," कोटवाला म्हणाला आणि माइक ह्यांच्या हातात दिला. ह्यांना भाषण कुठलं येतं? रिपोर्ट तेवढा घेता येतो. ते गँगकडे वळले आणि पहिल्याला विचारलं, "दिवसातून किती टाइम लावत होता?"

पहिला म्हणाला, "साहेब, मी तं सुनेले देऊन टाकली."

दुसरा म्हणाला, "मी टाचेले लावतो. टाचा मस्त झाल्या."

तिसरा म्हणजे लाइनवर ह्यांच्या अगदी शेजारी उभा राहणारा माणूस. त्याने कान पकडले. "साहेब, मी डबीच उघडली नाही."

"मंग गाल?"

"गाल आपोआपच साफ होऊन राहिला."

कोटवाला माइकसाठी हात पुढे करून उभा आणि हे माइक तोंडाशी धरून विचार करतायत. मिलमध्ये बिघाड सापडेपर्यंत हे कोणाचं ऐकत नसत, इथे काय ऐकणार?

"आपला कोणता गाल लोखंडाकडे राहत होता रे?" त्यांनी विचारलं.

"डावा, साहेब," सगळी गँग एकदम म्हणाली.

ह्यांनी मान हलवली, हॉलकडे वळले आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "इसमें क्रीम का कुछ नहीं है जी. रिटायर हो जाओ, चेहरा अपने आप साफ हो जाता है."

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतला एक जण उठून विचारू लागला की, व्हीआरएस घेतली तरी फरक पडेल का. हे त्याला उत्तर देणार होते, पण माइक बंद झाला.

भाच्याने आमच्याशी बोलणं टाकलं, त्याचं मला काडीचं दुःख नाही. पण हॉलच्या पायऱ्या उतरताना ह्यांनी गँगला सांगितलं, "काम बंद," आणि दुसऱ्या दिवशी अंगणात कोणी आलं नाही. पुन्हा ती खुर्ची आणि ते बनियन. या वेळी वरणाबद्दलही तक्रार नव्हती. मुकाट्याने जेवत होते. मला भीती वाटायला लागली. असाच बसून बसून हा माणूस विझून जाईल, असं स्पष्ट वाटलं.

मी चप्पल घातली आणि त्या तिसऱ्याच्या घरी जाऊन धडकले. "भाऊ, एवढ्या लोकायसमोर एक खोटं बोलता नाही आलं तुमाले?"

"साहेबाले खोटं सांगू, वहिनी?" तो घाबरूनच गेला. "लाइनवर कधी नाही सांगतलं."

"मंग डबी उघडायची नव्हती तं घेतली कावून? रोज सकाळी येत कावून होते?"

"त्यायनं बोलावलं म्हणून." त्याने इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी केली. "आता बोलावून नाही राहिले. मी तं रोज तयार होऊन बसतो."

मी तशीच घरी आले आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले. "त्या लोकायले बोलावा."

"काहाले? काम काय हाये आता?"

"काम नाही. चहा प्यायले."

"चहा प्यायले माणसं बोलावते का कोणी?"

ते चिडून बोलत नव्हते, खरंच विचारत होते. जन्मभर माणसांच्या घोळक्यात राहून ह्यांना कामाशिवाय एक माणूस घरी बोलावता येत नव्हता. मला इतका राग आला आणि इतकी दया आली की, मी त्या तिसऱ्याचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात कोंबला.

"उद्या सकाळी यायचं," हे चार्जमनच्या आवाजात म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारणा झाली. ह्यांनी माझ्याकडे पाठ केली. "नाही. काम काही नाही."

मग त्यांनी पलीकडचं ऐकून घेतलं आणि फोन हळूच खाली ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणते, काम नसन तं लवकर येतो."