नाव पुकारणाऱ्या हिरामावशी

हिरामावशी चहा देताना नाव पुकारत. पूर्ण नाव, तेही कचेरीभर ऐकू जाईल अशा आवाजात. विद्यापीठाच्या वसईतल्या उपकेंद्रात मी कक्षाधिकारी म्हणून बदलून आलो, त्या पहिल्या सकाळी मी त्यांना हळूच सांगितलं होतं की मला साखर चालत नाही. पाच मिनिटांत दारातून आरोळी आली, "सावंत सुरेश विठ्ठल, बिनसाखर!" माझा मधुमेह तीन खोल्यांत पोचला. मी चिडून म्हटलं, "मावशी, हळू बोललात तरी चालेल." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हळू बोलून माल दिला ना साहेब, तर घेनारा उद्या म्हनतो, मी घेतलाच नव्हता."

हिरा तांडेल मूळच्या पाचूबंदरच्या. वडील धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारत, आणि मावशींचं बालपण त्यांच्या पायाशी पाट्या मांडण्यात गेलं. तिथला रिवाज साधा होता. पाटी सगळ्यांसमोर उघडी ठेवायची, बोली चढू द्यायची आणि तिसऱ्या हाकेला घेणाऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं. नाव पुकारलं की माल त्याचा. मग बर्फ वितळो नाहीतर टेम्पो बंद पडो, तक्रार चालायची नाही. विद्यापीठात असं काही नसतं, हे शिपायाच्या नोकरीत उभी हयात काढूनही त्यांनी मान्य केलं नव्हतं. नवं कपाट आलं की विचारत, "कोनाच्या नावावर?" पंखा बंद पडला की तोच प्रश्न. आम्ही सांगायचो, "समितीनं ठरवलंय, मावशी." त्यावर त्या म्हणायच्या, "ही समिती राहते कुठं? मानिकपूरला असली तर जाता जाता भेटून येते."

त्यांचं खरं दुखणं दुसऱ्या मजल्यावर होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या टाकीत पाणी चढवणारी पाइपलाइन फुटली होती आणि नळ कोरडे पडले होते. मुली दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. दुपार झाली की विरार, नालासोपाऱ्याकडे घर गाठायच्या आणि दुपारची प्रात्यक्षिकं बुडवायच्या. एकदा एक पोरगी जिन्यातच घेरी येऊन बसली. तेव्हापासून मावशी रोज खालून दोन बादल्या वर नेत. गुडघे धरत धरत. पण महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. मला म्हणाल्या, "मी गेल्यावर बादली कोन नेनार? नाव पुकारा." मी लगबगीनं एक फाईल उघडली आणि तिच्यात तोंड घातलं.

गंमत म्हणजे याच दिवसांत आमच्या फाटकाशी 'ज्ञानधारा' उभी राहत होती. काळ्या ग्रॅनाइटची उंच भिंत, माथ्यावर सोनेरी अक्षरांत विद्यापीठाचं ब्रीदवाक्य आणि त्यावरून अखंड झुळझुळणारं पाणी. त्यासाठी टँकर यायचा. मावशींनी टँकरवाल्याला सरळ दुसऱ्या मजल्याच्या टाकीकडे वळवलं, तेव्हा मी धावत जाऊन त्याला अडवलं आणि त्यांना नियम समजावला. हा टँकर सुशोभीकरणातून आलाय. स्वच्छतागृह दुरुस्तीत मोडतं. इकडचं पाणी तिकडे गेलं तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे भिंतीला तहान लागली तर टँकर, आन् पोरींना लागली तर फाईल?" मी म्हणालो, "अगदी बरोबर!" इतक्या लवकर कुणाला नियम समजल्याचं मला कौतुकच वाटलं होतं.

दुरुस्तीची फाईल मावशी स्वतः टेबलाटेबलावर नेत. अभियंत्यांनी लिहिलं, मंजुरी घ्यावी. वित्त विभागानं लिहिलं, अभियंत्यांचा अभिप्राय घ्यावा. संचालकांनी लिहिलं, चर्चा करावी, आणि कुणाशी ते लिहिलं नाही. फिरून फिरून ती माझ्याकडे आली. मावशी सह्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "कोंबडी चिखलातून गेल्यावानी दिसतंय. यातला एक तरी म्हनतो का, मी करतो?" एकही म्हणत नव्हता. सगळ्यांत बारीक कोंबडी माझी होती. त्या वर्षी माझी बढती होती, आणि सही जितकी बारीक तितका माणूस सुरक्षित, एवढं मी नोकरीत शिकलो होतो.

मग बाहेरून मूल्यांकन समिती आली. ज्ञानधारा झुळझुळत होती, संचालक हसत होते. समितीच्या अध्यक्षबाई प्रवासानं दमल्या होत्या. वर पोचल्यावर त्यांनी स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारलं. मावशींनी त्यांच्या हातात निळी बादली दिली. "बाई, खाली फाटकाशी भिंत हाय, तिथून भरून आना. पोरीबी तिथंच गेल्यात." आम्ही खिडकीतून पाहिलं. ज्ञानधारेपुढे मुलींची रांग लागली होती आणि ब्रीदवाक्यावरून आलेलं पाणी बादल्यांत पडत होतं.

अध्यक्षबाईंनी बादली खाली ठेवली. "याला जबाबदार कोण?"

संचालकांनी अभियंत्यांकडे पाहिलं, अभियंत्यांनी माझ्याकडे आणि मी छताकडे. तेवढ्यात मावशींनी पदर खोचला आणि वडिलांचा आवाज काढला. "बोला! दुसऱ्या मजल्याचं पानी! कोन घेतो? एकवार!" कुणी हललं नाही. "दोनवार!" माझ्या डोळ्यांपुढे ती जिन्यात बसलेली पोरगी आली, आणि खरं सांगायचं तर बढतीही आली. "तीनवार" म्हणायला मावशींनी तोंड उघडलं आणि माझा हात वर गेला. ते धैर्य होतं की रोज मावशींच्या चहाच्या हाकेला हात वर करण्याची सवय, हे मला आजही सांगता येत नाही. "माल सावंत सुरेश विठ्ठल यांचा!" मावशींनी पुकारलं.

मला कारणे दाखवा नोटीस आली. बढती गेली. पण आता फाईलवर एक नाव होतं, म्हणजे काही बिघडलं तर कुणाला धरायचं ते ठरलं होतं, त्यामुळे बाकीच्यांनी तिच्यावर पटापट सह्या केल्या. आठवड्यात नळाला पाणी आलं. निरोपसमारंभात मावशींनी शाल-श्रीफळ घेतलं आणि वर एक मागणी केली. स्वच्छतागृहाबाहेर पाटी लावायची: पाणी नसल्यास सुरेश विठ्ठल सावंत, आणि खाली माझा मोबाईल नंबर. मी म्हटलं, "मावशी, पोरी मला रात्रंदिवस छळतील." त्या म्हणाल्या, "माल घेतलाव ना? आता सांभाळा."

गेल्या वर्षी मावशी गेल्या. पाचूबंदरला त्यांच्या ओटीवर आम्ही बसलो होतो. इतकी माणसं भेटली नोकरीत, पण मला भित्रेपणातून हाताला धरून बाहेर काढणारी ही एकटीच. तेवढ्यात माझा फोन वाजला. "सावंत सर का? पाटीवर नंबर होता. पाणी गेलंय." मी हळूच म्हणालो, उद्या बघतो. मावशींच्या सुनेनं डोळे पुसत विचारलं, "कोनाचा फोन?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग बसलात कशाला? आईंनी नाव तुमचंच पुकारलंय ना?"

मी रिक्षा करून उपकेंद्रात आलो. गच्चीवरच्या टाकीचा कॉक कुणीतरी बंद केला होता, तो सोडला. खाली उतरलो तेव्हा नळ फुरफुरत होते. मुली वर्गात होत्या. हळू सांगून चाललं असतं. पण मी जिन्यात उभा राहिलो आणि घसा होता नव्हता तेवढा लावून पुकारलं, "सावंत सुरेश विठ्ठल! दुसरा मजला, पाणी आलं!"