दहावीपर्यंत पुरणारा स्कर्ट

उन्हं तापायला लागली की आमच्या भवानी पेठेत घराघरातून मशीनचा आवाज सुरू होतो. पोरांना सुट्टी, आम्हाला सीझन. कुठकुठल्या शाळांचे युनिफॉर्म इथं शिवले जातात. शेठ कापलेल्या कपड्यांचे गठ्ठे घरी टाकून जातो, आम्ही टिपा घालून परत देतो. माझ्या मशीनखालून किती पोरं शाळेत गेली, देवालाच ठाऊक.

म्हणून तर पोरगी आठवीत असताना शाळेच्या बैठकीत विचारलं, युनिफॉर्मची सक्ती असावी का, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. असावीच की! डॉक्टरची पोरगी आणि माझी पोरगी एका रंगात उभी राहिली तर कोण ओळखणार आहे? असं मी चारचौघांत ठणकावून सांगितलं. मोठ्या बाईंनी मान डोलावली. मला लई बरं वाटलं.

आता ओळखणारे ओळखतातच, ते मला नंतर कळलं. आमच्यात कपडा वाढत्या अंगाचा शिवतात. तिचा निळा स्कर्ट मी दहावीपर्यंत पुरेल असा शिवला होता. कमरेला टक आणि खाली आतल्या बाजूला दोन दुमडी, एक नववीची, एक दहावीची. नववीला पहिली दुमड उसवली तर वरचा कपडा धुऊन धुऊन विटलेला आणि खाली चार बोटांचा नवाकोरा गडद पट्टा. पोरी म्हणाल्या, "अगं, साडीला बॉर्डर असती, तुझ्या स्कर्टला कशी?" पोरगी घरी येऊन हसत सांगत होती. "आई, दहावीला अजून एक बॉर्डर येणार की गं!" तिला नर्स व्हायचं होतं. दहावी झाली की पुढचं बघू, असं आम्ही दोघी रोज बोलायचो. सगळी भिस्त त्या दहावीवर.

आणि नववी संपता संपता शाळेनं रंगच बदलला. निळा गेला, मरून आला. कुणाच्या डोक्यातून निघालं कुणास ठाऊक! जूनपासून मरूनच पाहिजे, नाहीतर वर्गात बसायचं नाही. दहावीची दुमड आतल्या आत राहिली.

मी म्हटलं, मला काय अवघड, शिवते की. पण तो कपडा बाजारात सुटा मिळेना. शाळेनं ठरवून दिलेल्या दुकानात तयार स्कर्ट होते. हातात घेऊन उलटा केला, तर आत दुमडायला बोटभरसुद्धा दाब सोडलेला नाही. पोरगी वाढत्या अंगाची, दिवाळीपर्यंत आखूड झाला असता. असला कपडा मी विकत घेऊ? मी, जिचा जन्म शिवण्यात गेला? बरं, ते स्कर्ट शिवले जात होते कुठं, तर आमच्याच शेठकडं. माझ्याच घरात मरून कपड्यांचे गठ्ठे छताला लागलेले. पण ते कापून, मोजून आलेले, त्याला हात लावायची सोय नाही. शेठला विनवलं तर म्हणाला, "सीझन संपू द्या ताई, उरलेला तागा तुमचाच."

शाळा सुरू झाली. पोरगी निळा स्कर्ट घालून गेली आणि गेटवरून परत आली. मी मशीनवरून तशीच उठले आणि मोठ्या बाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "पोरगी शिकायला येती का रंग दाखवायला येती?" त्या शांतपणे म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा. तुम्हीच तर बैठकीत म्हणाला होतात." मी आले तशी परत फिरले.

घरी बसून काय करायचं म्हणून पोरगी बटणं लावायला लागली. मरून स्कर्टांची. हात असा चलाख की बघत राहावं. तिच्या वडलांचा माग बंद पडल्यापासून ते घरीच होते. ते म्हणाले, "असू दे की यंदाचं वरीस. दहावी कुटं पळून जाती?" मी भांडले, आदळआपट केली, आणि पुन्हा गठ्ठ्याला लागले. सीझन थांबत नाही.

गणपती झाले, शेठनं शब्द पाळला. मी एका बैठकीत स्कर्ट शिवला, आत चांगली रुंद दुमड ठेवून. पोरीनं घालून बघितला, खाली बघितलं, काढून ठेवला. "आता सहामाही आली की गं आई. मला काय बी समजायचं न्हाय. फुडच्या जूनला जाते." फुडच्या जूनला परत सीझन आला. ती बटणं लावत राहिली, मी टिपा घालत राहिले.

याच जूनची गोष्ट. गल्लीतली एक बाई तिच्या पोरीला घेऊन आली. पोरगी आठवीत, शाळा तीच. म्हणाली, "वाढत्या अंगाचा शिवा, दहावीपत्तर पुराया पायजे." मी म्हटलं, कपडा मिळतो का बघते. तेवढ्यात माझी पोरगी उठली आणि पेटीतून मरून स्कर्ट काढून आणला. "नवा कशाला? ह्यो एकदाबी घातलेला न्हाय."

"ठेव की गं," मी म्हटलं, "फुडच्या वर्षी..."

"फुडच्या वर्षी मला आखूड हुईल, आई."

तिनं तो त्या पोरीच्या कमरेला लावून बघितला, टक घातले, खालून दोन दुमडी घेतल्या आणि टीप मारली. माझ्यापेक्षा सरळ टीप. मग त्या पोरीला आतली बाजू उलटून दाखवली.

"ही नववीची. ही दहावीची. उसवायला माज्याकडंच आण. मी हितंच हाय."